ऊसतोडीच्या गावातल्या मुलांचं शिक्षण आणि काम: गावात असतात त्या महिन्यांत काय काय बसवता येईल?

मांजराकाठ (प्रश्न)

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव आहे. निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात आणि गुढीपाडव्याच्या मागंपुढं परततात. १५ ते २२ वयाची चाळीसेक मुलं-मुली अशी आहेत की ज्यांचं शिक्षण तुटलंय. काहीजण दहावीत एक-दोन विषयांत अडकले, काहींची शाळा आठवी-नववीतच सुटली आणि थोडे बारावी होऊन घरी बसलेत किंवा भरतीच्या मागं आहेत. मुली निम्म्या. जवळजवळ सगळे वंजारी, बंजारा आणि अनुसूचित जातींतले.

आमच्याकडं वाचनालयाची एक खोली आहे, ग्रामपंचायतीचा एक संगणक आहे आणि संध्याकाळी दोन तास देऊ शकतील असे चार शिकलेले स्वयंसेवक आहेत. पैसा जवळपास नाही. कुठून सुरुवात करावी, कोणता रस्ता कुणाला लागू पडतो आणि गाडी नेमकी कुठं अडते, हे जाणकारांनी सांगावं. योजनांच्या याद्या खूप मिळतात. त्या या मुलांच्या वर्षात बसवायच्या कशा, ते कळत नाही.

---

फळा-खडू

दादा, तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं. आधी एका मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि मुलं गावात नसतात ते महिने काळे करा. मग त्यावर परीक्षा, प्रवेश आणि फॉर्मच्या तारखा मांडा. राज्य मंडळाची दहावीची मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते, म्हणजे ऐन तोडणीत. पोरांना अभ्यास नको असतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा हा कागद बघावा.

एक-दोन विषयांत अडकलेल्यांचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात तातडीचं. मंडळाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. तेव्हा ही मुलं गावातच असतात. पण तिचे फॉर्म मुख्य निकालानंतर लगेच, मूळ शाळेमार्फत भरावे लागतात आणि मुदत थोडी असते. एप्रिलमध्ये माणसं परतली की पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं जुनं गुणपत्रक बघा आणि बैठक क्रमांक, परीक्षेचा महिना-वर्ष, राहिलेले विषय वहीत उतरवा. गुणपत्रक हरवलं असेल तर दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून मिळते. बीडसाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे आणि तिथून प्रत यायला वेळ लागतो, म्हणून एप्रिल सोडू नका.

आठवी-नववीत सुटलेल्यांना लोक सरसकट १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा) भरायला लावतात. फॉर्म चांगला आहे, पण परीक्षा तीच फेब्रुवारी-मार्चची. जो मुलगा आजी-आजोबांजवळ गावात राहणार आहे त्यालाच तो द्या. जो फडावर (ऊसतोडीच्या रानात) जाणारच आहे त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची म्हणजे एनआयओएसची दहावी बरी. वय १४ पूर्ण हवं. मराठी माध्यम आहे, पाच विषय लागतात, पास व्हायला ३३ टक्के. एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय सुटे सुटे देता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. राज्य मंडळात आधी पास झालेल्या विषयांपैकी दोनपर्यंत विषयांचे गुण वळते करून घेता येतात. ते प्रवेशाच्या वेळीच मागायचं असतं आणि त्यासाठी मूळ गुणपत्रक लागतं.

आता अडतं कुठं ते सांगतो. उन्हाळा ते पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घेतलेला प्रवेश पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी असतो. त्या परीक्षेची फी हिवाळ्यात भरायची असते, तेव्हा मुलगा फडावर असतो. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम त्यानं दिवाळीत बदललेलं असतं. तिथंच वर्ष जातं. म्हणून नोंदणीला घरातला कायम चालू राहणारा नंबर द्या, लॉगिन आणि पासवर्ड वाचनालयाच्या वहीत ठेवा आणि फी कोण भरणार त्याचं नाव आत्ताच ठरवा. गृहपाठाला २० टक्के गुण असतात. तो मुलं जाण्याआधी, सप्टेंबरातच लिहून घ्या. फडावर कोपीत (झोपडीत) कंदिलाखाली तो होत नाही.

दुसरी अडचण प्रात्यक्षिकांची. गणित आणि विज्ञानाला प्रात्यक्षिक आहे आणि ते लेखीच्या आधी, मार्चात येतं. मराठी, सामाजिक शास्त्र, अर्थशास्त्र यांना ते नाही. तेव्हा प्रात्यक्षिक नसलेले विषय एप्रिलच्या सत्राला द्या आणि गणित-विज्ञान ऑक्टोबरच्या सत्राला. ऑक्टोबर सत्राची प्रात्यक्षिकं सप्टेंबरात, म्हणजे मूल गावात असतानाच होतात. लेखीसाठी मात्र त्याला टोळीच्या मागून दोन-तीन आठवड्यांनी निघावं लागेल, हे घरच्यांशी आधी बोलून ठेवा. सोपे विषय घ्यायचे म्हणून गणित-विज्ञान टाळूच नका. पुढं आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा फिटर घ्यायचं असेल तर दहावीला हे दोन्ही विषय लागतात.

ज्यांची आठवीही झालेली नाही त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवी आहे. पाचवीला वय १० आणि आठवीला १३ पूर्ण लागतं.

शिकवण्याचा हिशेब असा: मेच्या अखेरीपासून सप्टेंबर अखेरपर्यंत साधारण १८ आठवडे हाताशी. आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन तास धरले तर २१६ तास. त्यातून पेरणी, खुरपणी आणि सण वजा जाता १५०-१६० तास खरे. एवढ्यात पाच विषय होत नाहीत, दोन नीट होतात. पहिल्या वर्षी दोनच घ्या. गणिताची सुरुवात पुस्तकाच्या पहिल्या धड्यापासून न करता घरच्या हिशेबापासून करा. टन गुणिले दर, त्यातून उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) वजा, राहिलेल्या बाकीवर पुढच्या हंगामाचा भार. गुणाकार, दशांश, टक्केवारी आणि ऋण संख्या या एका कागदावर येतात आणि प्रत्येक मुलाला त्यात रस असतो, कारण हिशेब त्याच्या आईवडिलांचा असतो.

---

बालाघाट

वरच्या उत्तराला एक जोड. सगळ्यात आधीची तारीख शाळेची नसते, उचलीची असते. मुकादम (तोडणीच्या टोळ्या जमवणारा) पावसाळ्यात, बहुतेक ठिकाणी पोळ्याच्या आधीच, उचल वाटायला लागतो. मुलगा त्या वेळी अर्धा कोयता (दोघांची जोडी म्हणजे एक कोयता) म्हणून मोजला गेला आणि पैसे घरात खर्च झाले, की मग आयटीआयचा प्रवेश मिळूनही उपयोग नाही. घेतलेली उचल फेडायलाच त्याला जावं लागतं. म्हणून पालकांशी बोलणं जूनमध्ये, तेही घरी जाऊन, दोघांशी एकत्र. "शिकवा" एवढंच सांगून भागत नाही. या पोराचा अर्धा कोयता कमी झाला तर उचल किती कमी येईल आणि त्या बदल्यात घरात काय येईल, हे आकड्यांत मांडा.

धाकट्या भावंडांना हंगामी वसतिगृहात ठेवलं तर मोठ्या मुलीला त्यांना सांभाळायला फडावर जावं लागत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं मुलं जाण्याआधी गेली पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहंही आहेत. तिथं पालकांचं ऊसतोड कामगार ओळखपत्र लागतं आणि ते ग्रामसेवकाकडून मिळतं. (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात ग्रामसेवकच म्हणतात.) ज्या घरात ओळखपत्र नाही त्यांची यादी मे महिन्यातच करा.

---

शेंद्रा-वाळूज

कामाच्या बाजूचं लिहितो.

आयटीआयचे अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन सुरू होतात आणि वर्ग साधारण ऑगस्टपासून. वेल्डर, वायरमन, प्लंबर, सुइंग टेक्नॉलॉजी अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतं. पण गुणपत्रक जोडावं लागतं, त्यामुळे नापास का होईना, दहावीला बसलेलं असणं कामी येतं. अंतिम परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. दिवाळीनंतर "महिनाभर फडावर जाऊन येतो" म्हणणारा मुलगा तिथंच गळतो. त्यामुळे प्रवेश घेतानाच राहण्याची सोय झालेली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणच्या वसतिगृहात आयटीआयच्या मुलांना जागा आहे का, ते गृहपालांना जूनमध्येच विचारा.

ट्रेड निवडताना नुसतं नाव ऐकून इलेक्ट्रिशियनच्या मागं धावू नये. ऊस तोडायला हार्वेस्टर वाढत चाललेत. ज्या कामानं या घरांना जगवलं ते काम पुढच्या काळात आटत जाणार, हे डोळ्यांसमोर दिसतंय. तेच यंत्र चालवायला, त्याचं हायड्रॉलिक आणि वेल्डिंग दुरुस्त करायला माणसं लागतात. मेकॅनिक डिझेल, मेकॅनिक ट्रॅक्टर आणि वेल्डर हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत. सौर कृषिपंप मराठवाड्यात गावोगाव बसले, दुरुस्त करणारा मात्र जिल्ह्याहून येतो. वायरमन झालेल्या मुलाला कंट्रोलर आणि पॅनलची जोडणी शिकवली तर त्याला गावाजवळच काम आहे.

आता शिकाऊ उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला, मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. आयटीआय न केलेल्यालाही काही कामांसाठी थेट घेता येतं. स्टायपेंडपैकी २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात देतं. संभाजीनगरला वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्याला पोलादाचे कारखाने, इथं जागा असतात.

फसवणूक इथंच होते, म्हणून नीट लक्षात ठेवा. "अप्रेंटिस म्हणून लावतो" म्हणणारे बरेचसे ठेकेदाराचे एजंट असतात. खरा शिकाऊ असेल तर अप्रेंटिसशिप पोर्टलवर तीन गोष्टी दिसतात: उमेदवाराची नोंदणी, आस्थापनेचं नाव आणि कराराचा क्रमांक. शिकाऊ उमेदवाराचा पीएफ किंवा ईएसआय (कामगार आरोग्य विमा) कापला जात नाही. याउलट ठेक्यावरचा कामगार असेल तर पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा क्रमांक) आणि, पगार २१,००० पर्यंत असेल तर, ईएसआयचा नंबर मिळायलाच हवा. करारही नाही आणि यूएएनही नाही, म्हणजे मुलगा कागदावर कुठंच नाही. बोट गेलं तरी कुणी जबाबदार नाही. अशा ठिकाणी पाठवू नका, भले महिन्याला दोन हजार जास्त देत असोत. कामाला लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यालाही उभं करू नका.

शहरात गेलेली मुलं पहिल्या तीन महिन्यांत परततात आणि गावात लोक त्यांना आळशी म्हणतात. खरं कारण बहुतेक वेळा पैशाचं असतं. पहिला स्टायपेंड हातात पडेपर्यंत ४५ ते ६० दिवस धरा. त्या काळात खोलीची अनामत, दोन महिन्यांचं भाडं, खानावळ आणि सेफ्टी शूज लागतात. गावानं याच्यासाठी फिरता निधी करावा. मुलगा तिसऱ्या महिन्यापासून चार हप्त्यांत परत करतो आणि तेच पैसे पुढच्याला मिळतात. एकट्याला कधीच पाठवू नका. चौघं एकत्र, एका खोलीत. पाळी बदलली, आजारी पडलं, घरची आठवण आली, तर सांभाळायला कुणीतरी असतं.

बारावी झालेल्यांसाठी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. वय १८ ते ३५. विद्यावेतन बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,०००. नोंदणी महास्वयम् पोर्टलवर. पण ती ठरावीक महिन्यांचीच असते. संपल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी बोला, नाहीतर मुलगा परत तिथंच येऊन बसतो.

गावात राहूनच काही करायचं असेल तर जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, आरसेटीत, १८ वर्षांवरच्यांना मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं. दुचाकी दुरुस्ती, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, शिवणकाम. १० दिवसांपासून दीड महिन्यापर्यंत.

---

मांजराकाठ

खूप नेमकं सांगितलंत. स्टायपेंड आणि शिष्यवृत्तीचे पैसे "खात्यात आलेच नाहीत" ही तक्रार इथं फार आहे. खातं आधारला जोडलेलं आहे असं बँकेत सांगतात. मग अडतं कुठं? आणि दुसरं, हे सगळं ग्रामपंचायतीकडून करून घ्यायचं तर मुलांना तिथं बोलू कोण देणार?

---

शेंद्रा-वाळूज

खातं आधारला जोडणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग वेगळं. सरकारी पैसा खाते क्रमांकावर जात नाही. एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत त्या आधारपुढं ज्या बँकेचं नाव शेवटचं लागलंय, तिथं जातो. सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि पैसे तिथं पडतात. मुलाला त्या खात्याचा पत्ताही नसतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघा, बँकेचं नाव तिथं दिसतं. चुकीचं असेल तर आपल्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि आठवड्यानं पुन्हा तपासा.

---

चावडी

ग्रामसभेबद्दल. वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गावोगाव त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. तुमच्या बारा महिन्यांच्या कागदावर त्याही मांडा. जानेवारीत अर्धं गाव फडावर असतं आणि ऑक्टोबरात बोचकी बांधणं चालू असतं. तुमच्या हातात खऱ्या दोनच सभा, मे आणि ऑगस्टच्या. ग्रामपंचायत विकास आराखड्याचं काम २ ऑक्टोबरपासून जोर धरतं आणि हिवाळ्यात आराखडा पक्का होतो. म्हणजे ज्यांच्या गरजा सगळ्यात मोठ्या ती माणसं त्या वेळी गावातच नसतात. म्हणून मागणी १५ ऑगस्टच्या सभेत ठरावानं नोंदवून ठेवा.

गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. चाळीस तरुण आणि त्यांच्या घरचे आले तरी सभा भरते. मतदार असलेल्या कुणालाही बोलण्याचा हक्क आहे, कुणाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. म्हणून १८ झालेल्या प्रत्येकाचा नमुना ६ (मतदार नोंदणीचा अर्ज) भरा. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ वर्षं झालेल्यांचा आगाऊ अर्जही घेतात.

विषय आयत्या वेळी मांडला तर "बघू" म्हणून वाहून जातो. सूचना निघण्याआधी लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावाची भाषा मोघम नको. "युवकांसाठी उपक्रम राबवावेत" असं लिहिलं की कुणावरच काही येत नाही. असं लिहा: "वाचनालयाची खोली सायं. ७ ते ९ अभ्यासिकेसाठी खुली ठेवावी. वीजबिल ग्रामपंचायतीनं भरावं. इन्व्हर्टर, चार बाकं आणि एक प्रिंटर यांची तरतूद पुढील आराखड्यात घ्यावी. मुक्त विद्यालयाची प्रवेश फी मागासवर्गीय निधीतून देता येईल का, हे मासिक सभेनं एक महिन्यात ठरवावं." ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. घरपट्टी थकलेल्या गावात ही रक्कम लहान असते, पण वीजबिल आणि फीपुरती निघते. आठ दिवसांनी कार्यवृत्ताची नक्कल मागा. बोललेलं आणि लिहिलेलं वेगळं निघालं तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तिथंच हरकत घ्या.

---

सुईदोरा

मुलींचं वेगळं लिहावंच लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. जोडीनं कोयता पूर्ण होतो, उचल वाढते, आणि सोळा-सतराची मुलगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईचा घोर खरा असतो. तेव्हा मुलींसाठी पहिली सोय राहण्याची, कोर्स नंतर. ठरलेलं लग्न कानावर आलं तर गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवकच आहेत, आणि १०९८ वर फोन करता येतो.

ज्या मुली गावातून ये-जा करणार त्यांचं गणित एसटीवर आहे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो, आणि मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट. पास असून गाडीच नसेल तर? वर्ग पाचला सुटतो आणि गाडी साडेचारला जाते, एवढ्या एका कारणानं मुली घरी बसतात. त्यासाठी आगारप्रमुखांना मुलींची नावं, वर्ग सुटण्याची वेळ आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून अर्ज द्या. तोंडी विनंतीनं फेरी बदलत नाही.

सगळ्या मुलींना शिवणकामाला बसवू नका, कळकळीनं सांगते. एका गावात पाच-सहा शिलाई मशिनींपुरतंच काम असतं. अठराजणींना ते शिकवलं तर कुणालाच पुरत नाही. दहावीला गणित-विज्ञान असलेल्या मुलींना तंत्रनिकेतनाकडं वळवा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बाकीच्या प्रवर्गांच्या सवलती महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आहेतच.

---

मांजराकाठ

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. बारा महिन्यांचा कागद आज रात्रीच वाचनालयाच्या भिंतीवर लागेल. शेवटचं एक: दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारखेत फरक, असे निम्मे आहेत. कोणतं कशाप्रमाणं दुरुस्त करायचं?

---

फळा-खडू

आधार शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणं करा. शाळा सोडल्यानंतर तिथल्या जनरल रजिस्टरमधली नोंद बदलणं फार अवघड असतं, आणि गुणपत्रक, जातीचा दाखला, जात वैधता सगळं त्याच नोंदीवर उभं राहतं. आधारवर नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून सेवा केंद्रात घाईत काही टाकू देऊ नका. आधी दाखला हातात घ्या आणि आडनाव, वडिलांचं नाव, ऱ्हस्व-दीर्घ, इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून न्या. पावती घेण्याआधी पडद्यावरचं प्रत्येक अक्षर मुलाला स्वतः वाचायला लावा.

जातीच्या दाखल्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळाला तर उत्तम. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी महसुली नोंद शोधावी लागते. आपल्याकडची निजामकाळातली कागदपत्रं पुष्कळदा उर्दूत असतात, त्यामुळे अर्जासोबत भाषांतर जोडावं लागतं. हे काम मुलं गावात असतानाच सुरू करा. अर्जावर सही आणि अंगठा त्यांचाच लागतो.